मागच्या सीटचं माप

ऑक्टोबर आला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एक वास वर येतो. उन्हात तापलेल्या रेग्झिनचा. खरं तर आता खाली कुणी रेग्झिन पसरून ठेवत नाही. एखादी बंद गाडी दिवसभर तापते, मालक संध्याकाळी दार उघडतो आणि आत कोंडलेला वास दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीपर्यंत पोचतो, एवढंच. मी दोरीवरचे कपडे काढत असले तर चिमटा हातात तसाच राहतो. मग मी आत जाऊन बघते. हे सोफ्यावर पेपर वाचत बसलेले असतात. पेपर तोंडासमोर असल्याने चेहरा दिसत नाही, म्हणून मी पायाकडे बघते. अंगठा हलला की परत गॅलरीत येते.

माझ्या या बघण्याला हे ‘हजेरी’ म्हणतात. “लाव, हजर आहे,” पेपराआडून आवाज येतो. मी हसते. पण हसता हसता मनात मोजूनच घेते की आवाज नेहमीसारखा आहे ना, दम तर लागला नाही ना. चार वर्षं झाली, तरी ऑक्टोबरात मी अशीच असते. बाकीच्या बायका या दिवसांत माळ्यावरची दिवाळीची भांडी काढतात, पडदे धुवायला टाकतात. मला मात्र आमच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या सीटा आठवतात. त्यातही मागची.

ही गाडी माझ्या सासऱ्यांची. करावे गावातली त्यांची जमीन नव्या शहरासाठी सरकारने घेतली तेव्हा त्या पैशातून त्यांनी गाडी घेतली. स्वतःला चालवता येत नव्हती, पण आयुष्यभर खाडीत जाळं टाकलेल्या माणसाला दारात गाडी हवी होती. घरातल्या नवऱ्या तिच्यातून गेल्या, बाळंतिणी तिच्यातून आल्या, आणि बर्फ घातलेल्या मासळीच्या पाट्याही तिच्यातूनच फिरल्या. मी घाटावरची, साताऱ्याकडची. लग्नानंतर पहिल्यांदा या गाडीत बसले आणि त्या वासाने मळमळून दार उघडून रस्त्यावर ओकले. सासूबाई पुढच्या सीटवरून शांतपणे म्हणाल्या होत्या, “घाटीन हाय. होईल सवय.” झाली सवय. इतकी झाली, की पुढे ती मरून रंगाची, शिवणीवर उसवलेली, मधे खोलगट झालेली मागची सीट माझी हक्काची जागा झाली. दर रविवारी सीवूड्सच्या आमच्या घरून करावेत जायचं, ते अंतर पाय मोकळे करत चालून जाण्याएवढंच, पण जायचं गाडीने आणि मी मागे बसायचं. पुढे सासूबाई नसल्या तरी मी मागेच बसायचे.

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी आम्ही करावेतच होतो. दुपारी हे म्हणाले, छातीत जळजळतंय. आमच्या घरात छातीत जळजळलं की सगळे आदल्या दिवशीच्या जेवणाकडे बोट दाखवतात, आणि गौरीच्या तिखट नैवेद्याचं जेवण आदल्याच दिवशी झालं होतं. “मटन बाधलं,” सासूबाई म्हणाल्या. दिराने लिंबू-सोडा आणून दिला. मी आल्याचा रस दिला. हे सोडा प्याले, ढेकर दिला, आणि आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. त्या ढेकरावर आम्ही किती वेळ घालवला हे मी आजही मोजते. मग त्यांच्या कपाळावर घाम आला. पंख्याखाली बसलेल्या माणसाला इतका घाम मी कधी पाहिला नव्हता.

गाडी दारातच होती. दीर चालवायला बसला. ह्यांना मागे आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. हे उंच, पाय मावेनात, गुडघे मुडपून तळवे दाराला टेकवले. गावाच्या तोंडाशी आलो तर समोर विसर्जनाची मिरवणूक. बेंजो जोरात, गुलाल उडतोय, माणसं नाचताहेत. दीर हॉर्न वाजवतोय तर लोकांना वाटतंय, हाही नाचायला आलाय. ह्यांची बोटं सीटच्या उसवलेल्या शिवणीत रुतली होती. मी एकदा त्यांच्या ओठांचा रंग बघत होते आणि एकदा सीटचा. कुणीतरी काचेतून आत पाहिलं आणि बेंजो एकदम थांबला. पोरांनी हातात हात घालून वाट करून दिली. त्या आवाजापेक्षा ती शांतता भयंकर होती. मिरवणूक थांबावी असं काचेतून बघणाऱ्याला काय दिसलं असेल, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

हॉस्पिटलात सगळं फार पटापट झालं. कागदावर सही माझी, दाराबाहेरचा बाक माझा. आतल्या डॉक्टरांनी हृदयातली बंद नळी उघडून तिच्यात जाळी बसवली. काही दिवसांनी मी ह्यांना रिक्षातून घरी आणलं. गाडीतून नाही. दीर गाडी घेऊन आला होता, पण मला तिच्यात बसवेना. गाडी आमच्या पार्किंगमध्ये लावून, किल्ली देऊन तो गेला.

घरी आल्यावर मी ह्यांच्या गोळ्यांची वेळ सांभाळायची, जिन्यात धरायचं, मीठ कमी करायचं, असं ठरलं होतं. आणि ह्यांनी थोडं चालायचं. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली तसे हे खाली जायला लागले. बराच वेळ आले नाहीत म्हणून गॅलरीतून वाकून पाहिलं, तर गाडीची चारही दारं उघडी, सीटा बाहेर काढलेल्या, आणि हे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून ब्लेडने पुढच्या सीटचं कव्हर उसवताहेत. मागची सीट तर आधीच सोलून झाली होती. स्प्रिंगा आणि काथ्या उघडा पडला होता.

मी पायात चप्पल न घालता खाली गेले.

“सीटा फाटल्यात,” हे म्हणाले. “नव्या करतो.”

“अहो, तुम्ही? कुशनवाले कशाला आहेत मग?”

“कुशनवाला वरचं कव्हर बदलतो. आतलं कुजलेलं तसंच ठेवतो. मला आतलं बघायचंय.”

माझं लक्ष ब्लेडकडे होतं. ह्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. दाढी करताना जरा लागलं तरी टॉवेल लाल व्हायचा. आणि हा माणूस गंजक्या स्प्रिंगांत हात घालून बसला होता.

पुण्याहून लेकीचा फोन आला की मी तक्रार करायचे. ती हसायची. “आई, करू दे ना बाबांना. मन रमतंय त्यांचं. मी व्हिडिओ पाठवते.” व्हिडिओ यायचे. स्वच्छ गॅरेज, हातमोजे घातलेले परदेशी बाप्ये, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं. आमच्या पार्किंगमध्ये कबुतरं होती आणि हत्यारं म्हणून ब्लेड, दाभण, हातोडी, माझी कापडाची कात्री आणि नारळ सोलायचा कोयता. कात्री मी लपवली. ह्यांनी दुसरी आणली. ब्लेड लपवलं तर कोयत्याने उसवायला लागले, तेव्हा मी मुकाट्याने ब्लेड परत दिलं.

त्या दिवसांत मी भीतीने नुसती कान झाले होते. रजा होती तोवर गॅलरीत बसून खालचे आवाज ऐकायचे. काथ्या पिंजण्याचा आवाज, स्प्रिंगांवर हातोडी, रेग्झिन फाडल्याचा लांबलचक चर्र. आवाज चालू असला की हे दमतील म्हणून भीती, आणि थांबला की त्याहून मोठी भीती. थांबला की मी मनात अंक म्हणायला लागायचे आणि फार पुढे जायच्या आत जिन्यात असायचे. हे बिडी ओढल्यासारखे दोन बोटांत सुई धरून आरामात दोरा ओवत बसलेले असायचे. “पाणी आणलं,” मी म्हणायचे. ह्यांच्या पायाशी पाण्याच्या बाटल्यांची रांग लागली होती. रजा संपल्यावर बेलापूरच्या ऑफिसातून मी वॉचमनला फोन करायचे, साहेब खाली दिसतात का म्हणून. एकदा तो म्हणाला, “दिसतात, मॅडम, पन झोपल्यासारखे दिसतात.” मी टेबलावरचा चहा तसाच टाकून रिक्षा पकडली. पोचेपर्यंत रिक्षावाल्याला मी माझ्या नवऱ्याची सगळी प्रकृती सांगून टाकली होती. हे खरंच झोपले होते, पार्किंगच्या खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून, घोरत. मी शेजारी फरशीवर बसले आणि ते घोरणं ऐकत राहिले. लग्नानंतर इतकी वर्षं त्या घोरण्याला मी शिव्या दिल्या होत्या.

या सीटांच्या कामाला ऑक्टोबरच लागतो, असं ह्यांचं म्हणणं. पावसात काथ्या ओल धरतो आणि थंडीत रेग्झिन ताठ होतं. ऑक्टोबरच्या उन्हात घातलं की ते मऊ पडतं, मग ओढून बसवायचं, गार झालं की आपोआप चापून बसतं. म्हणजे डॉक्टरांनी ज्या उन्हात जाऊ नका सांगितलं, नेमकं त्याच उन्हात काम. कंपाउंडच्या भिंतीवर मरून रेग्झिन पसरलेलं, वर विटा ठेवलेल्या आणि हे बाजूला टॉवेल डोक्यावर घेऊन उभे. मी छत्री घेऊन मागे उभी राहायचे. सोसायटीतले लोक हसायचे, ते मला चौथ्या मजल्यावरूनही ऐकू यायचं. हसू देत, मला काय त्याचं. मला ह्यांच्या कानामागून ओघळणारा घाम दिसत होता आणि तो उन्हाचा की तसला, हे ओळखायची माझ्याकडे काही सोय नव्हती.

एकदा मी चिडले. म्हटलं, “एवढं काय अडलंय? देऊन टाकू कुशनवाल्याकडे. गाडी जाईल, नवीन होऊन येईल. आपण बघायलाच नको.”

हे सुई खाली ठेवून म्हणाले, “मला उघडलं तेव्हा मी बघितलं का? तू बघितलंस का? बाहेर बसली होतीस. एक जाळी घातली म्हणतात. असेल. एवढी एक वस्तू तरी मला माझ्या हाताने उघडून नीट करू दे.”

मी वर गेले. पण मला ते पटलं नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही. माझं म्हणणं उलटं आहे. आपल्याला आतलं बघायला लागू नये म्हणूनच कारागीर असतात, डॉक्टर असतात. मला ती सीट कुणीतरी घेऊन जायला हवी होती. मला तिचा काथ्या बघायचा नव्हता, जिथे ह्यांची बोटं रुतली होती ती शिवण बघायची नव्हती. मला वाटत होतं, अनोळखी माणसाने ती नेली आणि दुसरीच आणून दिली तर ती दुपारही तिच्याबरोबर जाईल. भित्र्या माणसाचे दोनच प्रकार असतात, मला वाटतं. एकाला अंधाऱ्या खोलीत दिवा लावून बघायचं असतं आणि दुसऱ्याला खोलीचं दार लावून घ्यायचं असतं. आमच्या घरात एकेक होता. पण तेव्हा मला वाटत होतं, घाबरलेली मी एकटीच आहे.

पुढच्या दोन सीटा ह्यांनी पुऱ्या केल्या. जुनी कव्हरं उसवून, त्यांचे तुकडे नव्या रेग्झिनवर ठेवून, खडूने आखून कापलं आणि हाताने शिवलं. वडिलांनी जाळं दुरुस्त करायला शिकवलं होतं, तोच हात. प्रत्येक टाक्याला गाठ, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. पण जाळं दुरुस्त करणारा गाठ आपल्याकडच्या बाजूला ठेवतो, आणि ह्यांनी तीच सवय इथे चालवली. मी कौतुकाने नव्या सीटवर बसले आणि किंचाळून उठले. अख्खी शिवण टोचत होती. हे ओशाळून हसले, गाठींवर हात फिरवला आणि म्हणाले, “मासळी कधी बोलली नाय टोचतंय म्हणून.” आजारानंतर पहिल्यांदा मी ह्यांना तसं हसताना पाहिलं. सगळं पुन्हा उसवून उलट्या बाजूने शिवलं.

मागची सीट मात्र तशीच राहिली. रोज “उद्या”. काथ्या पिंजून झाला, स्प्रिंगा तेल देऊन झाल्या, नवा फोम आला, पण कव्हर कापायला हे हात घालेनात. नुसते तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. दिवाळी तोंडावर आली. ह्यांचा चेहरा उतरत चालला. मला वाटलं, दमले. आता हे असंच बसून बसून काहीतरी करून घेणार. मग मी ह्यांना न विचारता रफिकभाईंना फोन केला.

रफिकभाई मोऱ्याचे, उरणच्या बाजूचे. घराण्यात होड्यांचं काम, ते मात्र गाड्यांच्या कुशनमध्ये शिरले. दुकान मोठं, बोलणं त्याहून मोठं. रविवारी सकाळी आले, पार्किंगमध्ये सीटचा सांगाडा बघितला आणि दोन पावलं मागे सरकले.

“वहिनी, ह्ये तुमी फोनवर बोललाच नाय. अर्धं खोललेलं काम हाय. दुसऱ्यानं खोललेल्याला मी हात लावत नाय. आमच्या धंद्यात कोनच लावत नाय. उद्या काय कमी-जास्त झालं तर नाव माजं.”

हे खांबाशी उभे होते. मी न विचारता बोलावलं म्हणून रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत. नुसते बघत होते.

“बरं, जुनं कव्हर तरी दाखवा,” रफिकभाई म्हणाले. “त्याच्यावरूनच तर कापायचं असतंय. कुटं हाय?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या सीटांचे जुने तुकडे गोणीत होते. मागचं नव्हतं. इतके दिवस मी ब्लेड, सुई, ऊन, घाम सगळं पाहिलं, पण ते कव्हर कुठे गेलं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“टाकलं,” हे म्हणाले.

“टाकलं? अवो भाऊ, माप होतं ते!”

“खाडीवर नेऊन टाकलं.”

“कधी?” हे मी विचारलं.

“घरी आलो त्याच आठवड्यात. तू बँकेत गेली होतीस.” मग माझ्याकडे न बघता, लहानपणच्या बोलीत, जी ते एरवी फक्त आईशी बोलतात, म्हणाले, “मेलेल्या मानसाचं अंथरून कोन घरात ठेवतं?”

पार्किंगमध्ये कबुतरांच्या पंखांचा आवाज होत होता. आमच्या साताऱ्याकडे आणि इथे करावेत, दोन्हीकडे ही रीत आहे. माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत, गावाबाहेर नेऊन टाकतात. मी त्यांच्या गोळ्या सांभाळत होते, जिन्यात हात धरत होते, आणि हा माणूस रिक्षा करून, सीटचं कव्हर काखेत गुंडाळून, एकटा खाडीवर जाऊन स्वतःचंच अंथरूण टाकून आला होता. मग घरी येऊन माझ्या हातचं बिनमिठाचं वरण जेवला होता. मी त्यांच्या त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. एवढं भ्याला होतात तर मला सांगायचं नाही? पण मीही कुठे सांगितलं होतं, की मला त्या गाडीजवळ उभं राहायचीसुद्धा भीती वाटते म्हणून.

रफिकभाईंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, “म्हंजे जुनं कायच शिल्लक नाय. मग ह्ये अर्धं काम कसं? ह्ये तर नवं काम झालं. नव्याला मी नाय बोलत नाय.” त्यांनी सीटचा सांगाडा एकट्याने उचलून गाडीत बसवला, वर फोम टाकला आणि खिशातून खडू काढला. “पन माप आता मानसावरून घ्यायला लागंल. या, बसा दोघं.”

मी हलले नाही. हेही हलले नाहीत. उघड्या दाराच्या या बाजूला मी, त्या बाजूला हे. आतला पांढरा फोम दिसत होता. माझ्या मांडीवर पुन्हा त्यांच्या डोक्याचं वजन आल्यासारखं वाटलं.

“बसा की,” रफिकभाई म्हणाले. “ऊन गेलं तर उद्यावर जाईल.”

आधी हे बसले. दाराला धरून, हळूहळू, पाण्यात उतरल्यासारखे. मग मी. आम्ही दोन टोकांना दोन दारांना चिकटून बसलो होतो.

“मदे सरका. एवढी जागा कोनासाटी ठेवलीय?”

सरकलो. खांद्याला खांदा लागला. ह्यांचा श्वास जोरात चालला होता, माझाही चालला होता, आणि कुणाचा कुठला हे मला वेगळं करता येईना. रफिकभाई वाकून आमच्या मांड्यांच्या कडेने, पाठीच्या मागून, खडूच्या रेघा ओढत होते. “हलू नका. ताठ बसू नका, घरी बसता तसं बसा.” घरी आपण कसं बसतो ते आम्हाला दोघांनाही आठवेना.

मग त्यांनी डोकं वर केलं. “एक सांगा. बैठक सपाट करू का मागं उतार देऊ? सपाट केली तर बरं असतंय. लांब जायचं असलं तर मानूस आडवा पन होतो.”

“आडवं नको!”

आम्ही दोघं एकदम ओरडलो. इतक्या मोठ्याने, की गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठला. रफिकभाई खडू हातात धरून आमच्याकडे बघत राहिले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडेच बघत होते, विसर्जनाच्या दुपारपासून पहिल्यांदा सरळ डोळ्यांत, आणि ते डोळे माझ्याइतकेच भ्यालेले होते.

मग हे रफिकभाईंकडे वळले.

“उतार द्या, रफिकभाई,” हे म्हणाले. “बसायचंय आम्हाला.”